वर्गातली हालचाल आणि मुलांचे लक्ष: प्राथमिक शिक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पोषण आहारानंतरची पहिली तासिका ज्यांनी घेतली आहे, त्यांना वर्गाचे लक्ष कसे उडते हे वेगळे सांगावे लागत नाही. मुले गप्प असतात, पाने उलटत असतात, पण विचारलेला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. पाटण किंवा जावळीच्या शाळेत पावसामुळे मैदान आठवडेच्या आठवडे बंद राहिले, की हीच अवस्था सकाळीही दिसू लागते. जत आणि आटपाडीकडे मार्चमधल्या पत्र्याच्या खोलीत ती निराळ्या कारणाने दिसते. अशा वेळी मुलांना उभे करून चार उड्या मारायला लावण्याचा उपाय बहुतेक शिक्षक करतात आणि थोड्याच दिवसांत सोडून देतात, कारण उड्यांनंतरचा गोंधळ आवरण्यात वेळ जातो आणि पाठ होता तिथेच राहतो. माझ्या मते यात दोष हालचालीचा नसतो. ती कुठे संपणार, मुले जागेवर कशी परतणार आणि परतल्यावर हातात कोणते काम घेणार हे आधी ठरलेले नसते, म्हणून ती फसते. या लेखातला क्रम त्यामुळे थोडा उलटा आहे: आधी थांबणे शिकवायचे आणि मग हालणे.

वर्गातल्या हालचालीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्याकडून ठेवायच्या अपेक्षाही वेगवेगळ्या आहेत. पहिला प्रकार विसाव्याचा. पाठ थांबवून चारपाच मिनिटे शरीराला काम द्यायचे आणि पुन्हा पाठाकडे वळायचे. दुसरा प्रकार पाठातच गुंफलेल्या हालचालीचा. यात उडी, पाऊल किंवा वळण हेच उत्तर असते. पहिल्याने लक्ष काही वेळ टवटवीत होते. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 9 ते 11 वर्षांच्या मुलांनी केवळ चार मिनिटांची जोरकस हालचाल केल्यावर लक्ष तपासणाऱ्या चाचणीत कमी चुका केल्या. दुसऱ्या प्रकाराचा परिणाम अभ्यासावरही दिसू शकतो. नेदरलँड्समध्ये दोन वर्षे चाललेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांना आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी 20 ते 30 मिनिटे, हालचाल करत गणिताचा आणि भाषेचा सराव दिला गेला. त्यांची प्रगती गणितात आणि शुद्धलेखनात इतर वर्गांपेक्षा अधिक झाली, वाचनात मात्र फरक आढळला नाही. हा शेवटचा तपशील मला सर्वांत उपयोगी वाटतो. पाढे, बेरजा, शब्दलेखन अशा पुन्हा पुन्हा घोटून पक्क्या कराव्या लागणाऱ्या गोष्टींना हालचाल मानवते. उताऱ्याचा अर्थ लावताना किंवा नवीन संकल्पना प्रथमच समजून घेताना मुलाला शांतपणे बसू देणेच बरे.

येथेच एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावल्याने मेंदूचे दोन्ही भाग जोडले जातात आणि वाचन सुधारते, असे काही प्रशिक्षणांतून आणि व्हॉट्सॲपवरून सांगितले जाते. या दाव्याला भक्कम पुरावा नाही. तो व्यायाम विसाव्यासाठी जरूर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर वाचनाचा सराव कमी करू नये.

पहिली पायरी: खोली पाहून घ्यावी

मुले नसताना वर्गात उभे राहून तीन गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक मुलाने दोन्ही हात बाजूला पसरले तर ते शेजाऱ्याला लागतात का, ही पहिली. लागत असतील तर बाके भिंतीकडे सरकवण्यापेक्षा अर्ध्या वर्गाने हालचाल करायची आणि अर्ध्या वर्गाने मोजायचे किंवा उत्तर तपासायचे, अशी विभागणी सोयीची पडते. बाके ओढण्यात तासिकेचा मोठा तुकडा जातो. दुसरी गोष्ट फरशी. शहाबादी फरशीवर पायमोजे घालून उडी मारणे धोक्याचे असते, म्हणून बूट-मोजे दोन्ही काढून अनवाणी पायांनीच खेळावे, आणि पावसाळ्यात छत्र्या-रेनकोट व्हरांड्यातच ठेवून फरशी आधी पुसून घ्यावी. तिसरी गोष्ट दप्तरे. पडण्याचे प्रसंग बहुधा दप्तराच्या पट्ट्यात पाय अडकून घडतात, त्यामुळे हालचालीपूर्वी सर्व दप्तरे बाकाखाली किंवा भिंतीलगत जातील असा नियमच करावा.

नंतर फरशीवर कायमच्या दोन खुणा आखाव्यात: एका भिंतीलगत 0 ते 20 ची संख्यारेषा आणि फळ्यासमोर एकक, दशक, शतक असे तीन मोठे चौकोन. ऑईलपेंटने आखल्यास त्या वर्षभर टिकतात. चारही भिंतींवर दिशांची नावे लावावीत, पण शाळेच्या इमारतीवरून अंदाज न बांधता उगवत्या सूर्यावरून दिशा पडताळून मगच लावावीत.

दुसरी पायरी: थांबण्याची खूण

खूण एकच असावी आणि ती आवाज चढवून देण्याची नसावी. टाळ्यांचा ठरलेला ठेका चालतो, डफलीवरची एक थाप चालते. शिट्टी टाळावी, कारण शिट्टी ऐकली की मुलांच्या मनात मैदान सुरू होते. खूण ऐकताच तीन गोष्टी व्हायला हव्यात: पाय जागच्या जागी थांबणे, हात कमरेवर येणे आणि डोळे फळ्याकडे वळणे. हात कमरेवर ठेवण्याला अर्थ आहे. त्यामुळे शेजाऱ्याला ढकलणे आपोआप बंद होते आणि कोण थांबले नाही हे शिक्षकाला एका नजरेत कळते.

पहिला आठवडा केवळ या खुणेसाठी द्यावा. परिपाठानंतर दोन मिनिटे मुलांना जागेवर चालायला लावावे, खूण द्यावी, पुन्हा चालायला लावावे. कधी खूण लवकर द्यावी, कधी उशिरा. मुलांना यात खेळाची गंमत वाटते, आणि ती वाटू द्यावी. सगळा वर्ग शांतपणे तीन मोजेपर्यंत स्थिर होऊ लागला की पुढे जायचे, त्याआधी नाही. हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो, पण तो गाळून थेट पाठातल्या हालचालीवर गेलेल्या वर्गात शिक्षकाचा घसा बसतो.

परतण्याचा क्रमही याच आठवड्यात बसवावा. खूण, मग जागेवर अगदी सावकाश दहा पावले, मग दोन दीर्घ श्वास, मग बसणे. बसल्यावर करायचे काम हालचाल सुरू होण्यापूर्वीच फळ्यावर लिहिलेले असावे. मुले बसल्यानंतर शिक्षक पाठ वळवून फळ्यावर लिहू लागला, की मिळालेले सगळे लक्ष त्या मिनिटभरात सांडते. माझ्या मते संपूर्ण पद्धतीत याहून महत्त्वाची दुसरी सूचना नाही.

तिसरी पायरी: जागेवरच्या हालचाली

दुसऱ्या आठवड्यापासून मुलांनी बाकाजवळच उभे राहून करायच्या कृती घ्याव्यात. आपल्याकडे यासाठी लेझीमइतके हाताशी असलेले साधन नाही, आणि सातारा-सांगलीच्या मुलांना हलगीचा ठेका शिकवावा लागत नाही. प्रत्यक्ष लेझीम वर्गात आणण्याची गरज नाही; आवाज शेजारच्या वर्गाला सोसणार नाही. मुलांनी रिकाम्या हातांनीच लेझीम धरल्याचा आव आणून ठेका घ्यावा. चारचा पाढा घ्यायचा असेल तर एक, दोन, तीन हे मनात मोजत गुडघे किंचित वाकवायचे आणि चौथ्या ठेक्याला हात वर नेऊन "चार" म्हणायचे. पुन्हा तीन ठेके मनात आणि "आठ" मोठ्याने. तीनच्या पाढ्याला ठेका तीनचा होतो, पाचला पाचचा. पाढा ही समान अंतरावर पडणारी पावले आहेत हे मुलाला अंगाने कळते, आणि "चार सक" कितीला हे विसरणारे मूलही ठेका मोजून चोविसापर्यंत पोहोचते.

मराठीसाठी याच धर्तीवर ऱ्हस्व-दीर्घाचा सराव होतो. शिक्षकाने शब्द सावकाश उच्चारावा. ऱ्हस्व वेलांटी किंवा उकार आला की मुलांनी वाकायचे, दीर्घ आला की टाचा उंचावून ताणून उभे राहायचे. "किती", "नदी", "गुरू", "मूल" असे शब्द सुरुवातीला पुरतात. यात मुले एकमेकांकडे पाहून कृती करतात, म्हणून दर दोनतीन शब्दांनंतर डोळे मिटून एक शब्द घ्यावा. कोणाला येते आणि कोण नुसते अनुकरण करते, ते तेव्हाच दिसते. काळ शिकवताना भूतकाळाच्या वाक्याला एक पाऊल मागे, भविष्यकाळाला एक पाऊल पुढे आणि वर्तमानाला जागेवरच टाळी, एवढे पुरे.

इंग्रजीसाठी वेगळे काही शोधण्याची गरज नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात मांडलेली पद्धत आपल्या पहिली-दुसरीच्या वर्गात चपखल बसते: शिक्षकाने आज्ञा द्यायची, स्वतः कृती करून दाखवायची आणि मुलांनी बोलण्याची सक्ती नसताना ती करायची. "टच युवर नोज" पासून "वॉक टू द डोअर अँड कम बॅक" पर्यंत मुले थोड्या दिवसांत येतात. बोलणे मागाहून आपोआप सुरू होते. घाई करू नये.

चौथी पायरी: सगळी खोली वापरणे

खूण पक्की झाल्यावरच मुलांना जागा सोडू द्यावी. तळ्यात-मळ्यात हा सर्वांना माहीत असलेला खेळ वर्गीकरणासाठी जसाच्या तसा उचलता येतो: तळ्यात सम, मळ्यात विषम; तळ्यात नाम, मळ्यात क्रियापद; तळ्यात सजीव, मळ्यात निर्जीव. मूळ खेळात चुकलेला बाद होतो, वर्गात मात्र कोणालाही बाद करू नये. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तेच मूल सर्वप्रथम बाद होऊन भिंतीला टेकून उभे राहते, आणि ज्याला आधीच येते तो शेवटपर्यंत सराव करत राहतो. चुकलेल्याने शेजाऱ्याला कारण विचारून योग्य बाजूला जायचे आणि खेळात राहायचे, असा बदल पुरेसा आहे.

संख्यारेषेवर दुसरीची मुले दोन-दोनच्या उड्या मारतात, चौथीची मुले ती रेषा शंभराच्या पटीत आहे असे समजून त्याच उड्यांचे हिशेब सांगतात. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र असताना ही सोय मोलाची ठरते, कारण एक वर्ग उड्या मारत असताना दुसऱ्याला लिहीत बसवणे ही दोघांचीही शिक्षा आहे. गुणाकाराच्या शाब्दिक उदाहरणांना जवळचा विषय हवा असेल तर माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांची शर्यत घ्यावी. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी त्यांनी गाठली, त्या शर्यतीत एकूण 35 अडथळे असतात: सात फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत पाच, त्यांपैकी एक पाण्याचा. खडूने पाच आडव्या रेषा काढाव्यात, एक निळ्या खडूची. एका गटाने फेऱ्या मारायच्या आणि दुसऱ्याने "तीन फेऱ्यांनंतर किती अडथळे झाले, त्यांत पाण्याचे किती, उरले किती" असे प्रश्न करायचे. सातही फेऱ्या प्रत्यक्ष मारण्याचा आग्रह धरू नये. तीननंतर उरलेले हिशेब बाकावर बसून करावेत.

आता एक पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. विषय कृष्णा नदी, इयत्ता चौथी किंवा पाचवी, एक तासिका.

वर्ग भरण्यापूर्वी फळ्यावर शेवटचे काम लिहून ठेवावे: "कृष्णा आणि तिच्या उपनद्यांचा नकाशा आठवून काढा. संगमाची गावे लिहा." खोलीच्या वायव्य कोपऱ्यातून आग्नेयेकडे खडूची वळणदार रेषा ओढावी आणि तिच्यावर माहुली, कराड, ब्रह्मनाळ, हरिपूर व नरसोबाची वाडी अशा पाच पाट्या ठेवाव्यात. आग्नेय कोपऱ्यात दार असेल तर उत्तमच, कारण नदीला पुढे कर्नाटकात जायचे आहे. पहिली दहा मिनिटे मुले बसलेली असतात आणि शिक्षक भिंतीवरच्या नकाशावर मार्ग दाखवतो. त्यानंतर भूमिका वाटायच्या. एक मूल कृष्णा. वेण्णा, कोयना, वारणा आणि पंचगंगा यांचे प्रत्येकी एक मूल रेषेच्या पश्चिमेला, म्हणजे नदीच्या उजव्या काठाला उभे राहील. येरळा एकटी डाव्या काठाला. उरलेल्या मुलांचे पाच गट पाच संगमांवर बसतील.

कृष्णा महाबळेश्वरच्या कोपऱ्यातून चालू लागते. माहुलीला वेण्णा येऊन तिचा हात धरते आणि तिथला गट गावाचे नाव घेतो. कोयनेला जास्त चालायचे आहे: तीही महाबळेश्वरहूनच निघते, कृष्णेला जवळजवळ समांतर दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला येऊन मिळते. हे वळण मुलांच्या लक्षात पुस्तकातून सहसा राहत नाही, वर्गात ते मूल काटकोनात वळताना दिसले की राहते. ब्रह्मनाळला येरळा मिळते. तिला मुद्दाम सावकाश आणि थांबत थांबत यायला सांगावे. हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, आणि हात धरलेली ही लांब साखळी दाराबाहेर पडते. तिथे थांबण्याची खूण.

मुले थांबलेली असतानाच विचारावे: उजव्या हाताला चार जणी आणि डाव्या हाताला एकच, असे का? येरळा थांबत का आली? पश्चिमेला सह्याद्री आणि त्याच्या माथ्यावरचा पाऊस, पूर्वेला खटाव-खानापूरचा अवर्षणाचा पट्टा, हे उत्तर बहुतेक वेळा मुलांकडूनच येते, कारण येरळाकाठचे कोणाचे तरी आजोळ असतेच. भूमिका बदलून फेरी आणखी एकदा घ्यावी, तिसऱ्यांदा घेऊ नये. मग दहा सावकाश पावले, दोन श्वास, बसणे आणि फळ्यावरचे काम. प्रत्यक्ष हालचाल बारा-पंधरा मिनिटांची होते आणि नकाशा काढायला पुरेसा वेळ उरतो. तो नकाशा हाच पाठाचा पुरावा असतो. "शाळेत नुसते खेळवतात" अशी तक्रार घेऊन आलेल्या पालकांपुढे तीच वही ठेवावी, आणि टाचणातही कृतीबरोबर तिचा उद्देश लिहून ठेवावा.

विज्ञानासाठी अशा कृती कमी घ्याव्यात, पण एक टाळू नये. चंद्र झालेल्या मुलाने पृथ्वी झालेल्या मुलाकडे तोंड ठेवूनच तिच्याभोवती फेरी मारायची. फेरी पूर्ण होताना त्याचे तोंड खोलीच्या चारही भिंतींकडे वळून गेलेले असते, म्हणजे तो स्वतःभोवतीही एकदा फिरलेला असतो. चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हे शब्दांनी समजावणे अवघड आहे आणि या फेरीने सोपे.

वेळ, ऋतू आणि वेगळ्या गरजांची मुले

विसाव्याची हालचाल चार ते सहा मिनिटांची, दिवसातून दोनतीनदा. पाठातली पंधरा मिनिटांपर्यंत, आठवड्यातून तीनचारदा. जेवणानंतर लगेच उड्या नकोत. त्या वेळी ताणण्याच्या आणि चालण्याच्या कृती घ्याव्यात. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाल्यावर शेवटच्या तासांना पत्र्याखाली धावपळ करू नये आणि हालचालीनंतर पाणी पिण्याची वेळ ठरवून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी असते. वर्गातली ही मिनिटे त्यात थोडीच भर घालतात, म्हणून त्यांच्या नावाखाली खेळाची तासिका गणिताला देण्याची मुभा मिळत नाही.

दमा, हृदयविकार किंवा फिट्स असलेल्या मुलांची माहिती पालकांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावी. चालता न येणाऱ्या मुलाला पंच करून बाजूला बसवण्याचा मोह होतो. त्याऐवजी कृतीच अशी ठरवावी की ती हातांनीही करता येईल, जसे ऱ्हस्वाला हात खाली आणि दीर्घाला हात वर, आणि सगळ्या वर्गाने त्या दिवशी तशीच करावी. सहावी-सातवीच्या मुलींना कारण न विचारता बसून भाग घेण्याची मोकळीक असावी. गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबांतली मुले मध्येच वर्गात येतात. त्यांना खुणा आणि खेळ माहीत नसतात, आणि रांगेच्या शेवटी उभे केले तर त्यांना काही दिसतही नाही. त्यांना मध्यभागी, खेळ चांगला येणाऱ्या दोघांच्या मधे उभे करावे.

परिणाम पाहणे

मुले खूश दिसतात यावरून निष्कर्ष काढू नये. पद्धत सुरू करण्यापूर्वीच्या आठवड्यात, लक्ष लवकर उडणारी चारपाच मुले मनाशी निवडून, लेखनकामाच्या दहा मिनिटांत दर दोन मिनिटांनी त्यांच्याकडे पाहावे आणि काम चालू असेल तर बरोबरची खूण करावी. सहा आठवड्यांनी त्याच तासिकेला हेच पुन्हा करावे. जोडीला बसण्याची सूचना दिल्यापासून शेवटच्या मुलाची पेन्सिल चालू होईपर्यंतचा वेळ घड्याळावर पाहावा. फरक पडला नसेल तर आधी परतण्याचा क्रम तपासावा, मग हालचालीची लांबी कमी करावी, आणि कृती बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पाढ्यांच्या बाबतीत आणखी एक तपासणी लागते. काही मुलांना ठेक्यावर पाढा येतो आणि बसल्यावर येत नाही. परीक्षेत उभे राहायला मिळणार नसते, म्हणून आठवड्यातून एकदा तोच पाढा बसून विचारावा. अडखळणाऱ्या मुलाचा ठेका एकदम काढून न घेता उतरवत न्यावा: आधी उभ्याने गुडघ्यांचा, नंतर बसून बाकावर बोटांचा, नंतर बाकाखाली केवळ पायाच्या अंगठ्याचा. अंगठाही थांबला आणि पाढा चालू राहिला, की त्या मुलासाठी त्या पाढ्याची हालचाल बंद करून पुढचा पाढा घ्यावा.